बारामती ते इंदापूर : अंगावरच्या कापडाची गोष्ट

बुद्धपौर्णिमा आठ दिवसांवर आली होती. इंदापूर तालुक्यात माझी मावशी राहते. पौर्णिमेला विहारात नेसायला तिला पांढरे पातळ न्यावे, म्हणून मी वाटेत बारामतीला उतरले. वैशाखातले ऊन असे की एस. टी. स्थानकापासून बाजारपेठेपर्यंत चालेस्तोवर अंगातला पोलका पाठीला चिकटला.

दुकानदाराने दहा-बारा पांढरी पातळे पुढे टाकली. सगळी झुळझुळीत, चकाकणारी, भाव परवडणारे. "यात सुती कोणते?" असे विचारल्यावर त्याने वरच्या फळीवरून दोनच काढली. "ताई, सुतीला पैसे जास्त पडतात. हल्ली कुणी मागत नाही," तो म्हणाला. मी त्यातलेच एक घेतले आणि पुढच्या गाडीत बसले.

शेजारी एक ताई बसल्या होत्या. पिशवीवर निळा अशोकचक्राचा बिल्ला पाहून मी "जय भीम" म्हटले आणि बोलणे सुरू झाले. त्या कपडे शिवण्याच्या कामाला जातात. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत हायटेक टेक्स्टाइल पार्क आहे. केंद्र सरकारने २००५ साली वस्त्रोद्योग पार्कांची जी योजना आणली, तिच्यातून तो उभा राहिला. या भागातल्या पुष्कळ बाया आज अशा शिवणकामावर घर चालवतात. माझ्या हातातले पातळ चाचपून ताई म्हणाल्या, "सुती आहे. दिवसभर हात फिरतो ना, लगेच कळतं. पण मी स्वतः नेसते ते हेच साधं, सिंथेटिक. धुतलं की वाळतं, इस्त्री नको, चार वर्षं फाटत नाही."

त्यांचे म्हणणे खोटे नाही. गरिबाच्या घरात सिंथेटिक कापड आले ते उगीच नाही. पण त्याचा दुसरा हिशेबही समजून घेतला पाहिजे. घाम शोषून घेणारे कापड अंगाला थंड ठेवते. सर्वसाधारण हवेत लोकर आपल्या वजनाच्या सुमारे सोळा टक्के ओलावा धरते, कापूस सुमारे आठ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून पॉलिएस्टरच्या आत घाम कोंडतो, उन्हाळ्यात मांड्यांना, काखेत घामोळे येते. शिवाय ते खनिज तेलापासून बनते. मातीत कुजत नाही, आणि प्रत्येक धुण्यात त्याचे डोळ्यांना न दिसणारे तंतू पाण्यात जातात.

गाडी काटेवाडी, भवानीनगर, सणसर करत निघाली. दोन्ही बाजूंना कालव्याच्या पाण्यावरचा ऊस. खुरपणाऱ्या बायांनी पातळावरून नवऱ्याचे जुने लांब बाह्यांचे सदरे चढवले होते. उसाच्या पात्याने हात कापू नयेत म्हणून ही युक्ती. तो सदरा सुती असेल तर ऊनही सोसवते, टेरिकॉटचा असेल तर अंगाची भट्टी होते. याच रस्त्याने आषाढात तुकारामांची पालखी जाते, तेव्हा काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो आणि मेंढ्यांचे रिंगण होते. सूत आणि लोकर, या मुलखाची दोन्ही कापडे त्या दिवशी एका जागी दिसतात.

ताईंच्या हातातली शिवणाची कला पाहून मला मुंबईच्या गिरण्या आठवल्या. तिथे आपल्या माणसांना कापड विणण्याच्या खात्यात घेत नसत. त्या खात्यात पगार चांगला होता. पण धोट्यातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. ज्या समाजाच्या हाताला एकेकाळी सूत विटाळत होते, त्याच समाजाच्या लेकी आज अख्ख्या देशाचे कपडे शिवतात. हे लहान परिवर्तन नव्हे. ताई लासुर्णे फाट्यावर उतरल्या.

निमगाव केतकीचे पानमळे मागे टाकून मी मावशीच्या गावी पोहोचले. उजनीचे पाणी तिथून लांब नाही. पाण्याच्या कडेने मेंढरे चरतात. मावशीच्या घरात दोन वस्तू अजून जपून आहेत : एक काळे घोंगडे आणि एक गोधडी. घोंगडे दख्खनी मेंढीच्या लोकरीचे. सणगर कारागीर ते सूत चिंचोक्याच्या खळीत भिजवून मागावर विणतात. रंगाला रसायन नाही, मेंढीचा काळेपणा तोच रंग. थंडीत ऊब देते आणि पावसाची भुरभुरही सहज आत शिरू देत नाही. आज या जाड लोकरीला गिऱ्हाईक नाही, म्हणून कित्येक धनगर ती फेकून देतात. आपल्या दाराशी असलेली इतकी चांगली वस्तू वाया जाते आणि आपण बाजारातून नायलॉनची ब्लँकेटे आणतो!

बोलता बोलता मी मावशीला म्हणाले, "हल्ली शहरात जुने कपडे पुन्हा वापरायची चळवळ निघाली आहे. त्याने निसर्ग वाचतो."

मावशी एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "आम्हाला ते नको शिकवू गं. माझ्या आजीनं मयताच्या अंगावरचं कापड नेसलंय. गावानं टाकलेलं नेसायचं, हाच नेम होता. बाबासाहेबांनी ते सोडवलं."

मी ओशाळले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना सांगितले की अस्पृश्यपणाची खूण दाखवणारी लुगडे नेसण्याची रीत आणि ते दागिने टाकून द्या. त्यांचा स्वतःचा नीटनेटका कोट हादेखील तोच धडा होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून आली, त्यामागेही हाच स्वाभिमान होता. नवे, स्वच्छ वस्त्र हा आपल्यासाठी शौक नाही, तो मिळवलेला हक्क आहे.

मग मला विनयपिटक आठवले. भिक्खू पूर्वी टाकलेल्या चिंध्यांची चिवरे शिवत. जीवकाने उत्तम वस्त्र दान दिले तेव्हा भगवान बुद्धांनी सांगितले की ज्याला चिंध्यांचे हवे त्याने ते घ्यावे, ज्याला गृहस्थाने दिलेले हवे त्याने ते घ्यावे. सक्ती नाही, निवड आहे. सुती, लोकरी, रेशमी, अंबाडीसारख्या झाडांच्या सालीचे, अशा वस्त्रांना त्यांनी मुभा दिली. कौशांबीच्या उदेन राजाने आनंदाला विचारले की पाचशे वस्त्रांचे तुम्ही करणार काय? आनंद म्हणाला, जीर्ण चिवरांच्या जागी ती भिक्खूंना वाटू. जुन्या चिवरांची पांघरुणे होतील, जुन्या पांघरुणांच्या गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणे, मग पायपुसणी, मग झटकणी, आणि शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन सारवू. राजा संतुष्ट झाला.

हे सांगितल्यावर मावशी हसली आणि गोधडी पुढे ओढून म्हणाली, "मग ही काय आहे?" तिच्याच तीन सुती लुगड्यांचे थर, आत माझ्या मावसभावाच्या शाळेचा सदरा. दुसऱ्याने टाकलेले त्यात एकही टाकले नव्हते. सगळे आपल्या घरात नवे आलेले आणि शेवटच्या धाग्यापर्यंत वापरलेले.

कापूस म्हणजे सगळे निर्मळ, असेही मी म्हणणार नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. म्हणून सुतीसुद्धा गरजेपुरते घ्यावे आणि पुष्कळ दिवस वापरावे. 'बांबूचे कापड' म्हणून जे विकतात, त्यातले बहुतेक बांबूचा लगदा रसायनात विरघळवून काढलेले असते. तेव्हा नावाला भुलू नये.

भगिनींनी एवढे करावे. कापडाच्या काठाचे दोन धागे काढून जपून, मोकळ्या जागी जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. सगळी कपाटे एकदम बदलणे आपल्याला परवडणार नाही. पण लहान लेकरांचे कपडे, आतले कपडे आणि उन्हात कामाला जातानाचा सदरा, एवढे तरी सुती असावे.

पौर्णिमेच्या सकाळी मावशीने ते पातळ नेसले. विहारात गर्दी होती, पंखा एकच होता. वंदना संपल्यावर तिने पदराने कपाळ पुसले आणि म्हणाली, "घाम टिपतं गं हे. फाटलं की गोधडीत घालीन. पण आधी चांगलं चार वर्षं नेसणार!"