परभणीची घटिका आणि हैदराबादचें घड्याळ

परभणी शहर पूर्व रेखांश ७६ अंश ४६ कलांच्या आसपास आहे, आणि साऱ्या भारताचीं घड्याळें साडेब्याऐंशी अंशांच्या रेखेवरून लावलेलीं असतात. दर अंशास ४ मिनिटें या हिशेबानें आमचा सूर्य सरासरीनें घड्याळाच्या २३ मिनिटें मागें राहतो. २४ मिनिटांची एक घटिका. म्हणजे परभणीच्या कोणत्याही घड्याळांत, मग तें शंभर रुपयांचें असो कीं दहा लाखांचें, बारा वाजतात तेव्हां येथील खरा मध्यान्ह जवळजवळ एक घटिका दूर असतो. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. मुंबई शहरानें मात्र १९५५ पर्यंत आपली ३९ मिनिटें मागची निराळी वेळ सोडली नाहीं, आणि स्टेशनाचें घड्याळ एक, शहराचें दुसरें, असा कारभार अर्धशतक चालविला. आमच्या घरीं हा विषय मुंजी-लग्नांच्या वेळीं हटकून निघतो. कारण पंचांगांत घटिका-पळें आणि पत्रिकेंत तास-मिनिटें छापलेलीं असतात, आणि थोरले काका दोहोंचा मेळ घालीत बसतात.

अशा या घटिकाभर मागें राहणाऱ्या गांवांतून, गेल्या वर्षीं, आम्ही पांच जण एक भारी किंमतीचें मनगटी घड्याळ घेण्यासाठीं हैदराबादेस गेलों. ही चैन मध्यम स्थितींतल्या घरास शोभणारी नव्हे असें वाचकांपैकीं कित्येकांस वाटेल. आमच्या काकूंसही तसेंच वाटत होतें. म्हणून पैसा कोठला, तें आधीं सांगितलें पाहिजे.

हैदराबाद राज्याचा कूळकायदा १९५० सालीं झाला. त्यानंतर आमच्या घराण्याकडे पूर्णेच्या कांठीं जेमतेम सहा एकर काळी जमीन उरली होती. जालन्याहून नांदेडास जाणारा जो द्रुतगति मार्ग आमच्या जिल्ह्यांतून जावयाचा आहे, त्याच्या आंखणींत ती सर्वच्या सर्व आली. मोबदला मिळाला, चार भावांच्या चार वांटण्या झाल्या, सह्या झाल्या. त्यानंतर एका सायंकाळीं माजघरांत सर्व मंडळी बसली असतां आजींच्या ध्यानांत असें आलें कीं, आतां चारी घरांत समाईक म्हणून कांहींच राहिलेलें नाहीं. जमीन होती तोंवर पेरणीला आणि सुगीला, वर्षांतून दोनदां तरी, पुण्याचे, ठाण्याचे, नांदेडचे असे सगळे परभणीस येत; तुरीच्या आणि ज्वारीच्या पोत्यांवरून भांडत, आणि भांडण्यासाठीं कां होईना, एका पंक्तीस जेवत. तेव्हां प्रत्येकाच्या वांट्यांतून थोडें काढून एक वस्तु घ्यावी आणि तिची वांटणी कधींही होऊं नये, अशी आजींची आज्ञा झाली.

"सोनें घ्यावें," असें काकूंनीं लगेच सुचविलें.

"सोन्याचे तुकडे सोनार हंसत करून देतो," आजी म्हणाल्या. चांदीच्या भांड्यांचीही तीच गत. देवघरांतला टांक कोणाकडे राहावा, हा वाद आमच्या मागील पिढींत एकदां होऊन गेलेला असल्यामुळें देवांचें नांव कोणीं काढलें नाहीं. अखेर पुण्यास नोकरीस असलेला पुतण्या भीतभीत म्हणाला, "आजी, घड्याळ घेऊं या. तें तोडून वांटतां येत नाहीं."

"अरे, पण विकतां तर येतें!" थोरले काका म्हणाले.

"विकतां तर जमीनही येत होती, काका."

यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं, आणि बेत ठरला तो त्या स्तब्धतेंतच.

घड्याळ घ्यावयाचें म्हणजे प्रथम गांवच्या घड्याळजीचा सल्ला घेणें आलें. आमच्या ओळखीचे एक वृद्ध घड्याळजी बाजारपेठेंत कांचेच्या एका लहानशा पेटीमागें, डोळ्यास भिंग लावून, चाळीसांहून अधिक वर्षें बसत आले आहेत. त्यांच्या वडिलांचा धंदाही हाच होता. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यांत असतांना येथील वकील, जमीनदार आणि रेल्वेचे बाबू यांच्या खिशांत वा मनगटांवर 'वेस्ट एंड' आणि 'फावर-लुबा' या स्विस नांवांचीं घड्याळें असत. हीं नांवें मुंबईच्या पेढ्यांतून देशभर पसरलीं. मुंबईहून माल मागवावयाचा तर पैसे कलदार लागत, आणि ६ कलदार रुपयांस सुमारें ७ हाली रुपये मोजावे लागत. म्हणजे संस्थानी प्रजेस तेंच घड्याळ अधिक महाग पडे. पुढें १९६१ सालीं सरकारी एच.एम.टी. कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या साह्यानें बंगळूर येथें घड्याळें करावयास आरंभ केला, आणि त्यांचें 'जनता' घड्याळ मराठवाड्यांतील जांवयांच्या मानपानांत पक्कें होऊन बसलें. आमच्या घरींच अशीं तीन आहेत. चावी दिली तर तिन्ही चालतात. वेळ मात्र तिघांची तीन. त्या कारखान्याचा घड्याळविभाग बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला.

घड्याळजींनीं आमचा बेत ऐकून घेतला आणि हातांतलें काम बाजूस ठेवलें. "घ्या, अवश्य घ्या," ते म्हणाले, "पण बंद पडलें तर माझ्याकडे आणूं नका. मी उघडणार नाहीं. हत्यार आहे, हातही आहे. पण त्याचा एक भाग मोडला तर तो मला कोणी विकत देणार नाहीं. घेतांना किंमत विचारूं नका. तेल कोण घालणार, तें विचारा."

आम्हांस हा सल्ला इतका मोलाचा वाटतो कीं, या लेखांतून वाचकांनीं एवढेंच घेतलें तरी पुरे. भारी घड्याळ म्हणजे काय? वेळ दाखविण्याच्या कामीं तें स्वस्त घड्याळाहून कमीच आहे, ही गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहींत. १९६९ च्या डिसेंबरांत जपानच्या सेइको कंपनीनें स्फटिकावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विक्रीस काढलें. आज सामान्यतः अशा घड्याळांतील स्फटिकाचा चिमुकला तुकडा विजेच्या योगानें सेकंदास ३२,७६८ वेळां कंप पावतो, आणि त्यामुळें तें महिन्याकाठीं कांहीं थोड्या सेकंदांनींच चुकतें. उलट चावीच्या वा आपोआप चावी बसणाऱ्या उत्तम स्विस घड्याळास स्वित्झर्लंडच्या परीक्षामंडळाचें प्रमाणपत्र मिळतें तें दिवसाकाठीं ४ सेकंद मागें ते ६ सेकंद पुढें एवढी चूक क्षम्य धरून. मग लाखों रुपये कशाचे? पोलादी पट्टीची गुंडाळी, केसाएवढी बारीक स्प्रिंग, झुलणारें चाक, घर्षण कमी करणारीं कृत्रिम माणकें, आणि हें सर्व उघडून, पुसून, तेल घालून पुन्हां जसेंच्या तसें बसवितां येईल अशा रीतीनें केलेली रचना, याचे ते रुपये. स्वस्त घड्याळ बंद पडलें कीं टाकून देतात. भारी घड्याळ दुरुस्त करावयाचें म्हणूनच केलेलें असतें. पण दुरुस्त करणारा मनुष्य जवळ नसेल तर दोहोंत फरक तो काय राहिला?

मुंबईस जावें कीं हैदराबादेस, यावर फारसा वाद झाला नाहीं. १९५६ पर्यंत हैदराबाद हीच आमची राजधानी. १९५६ सालीं जिल्हा मुंबई राज्यांत गेला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत, तरी मोठा दवाखाना, मोठी खरेदी म्हटली कीं जुन्या माणसांचे पाय अजून तिकडेच वळतात. आम्ही पूर्णा, नांदेड, मुदखेड या वाटेनें निघालों. बासरला गाडी गोदावरी ओलांडते तेव्हां काकूंनीं खिडकींतून नाणें टाकलें आणि सरस्वतीस हात जोडले. निजामाबादेच्या पुढें पुतण्यानें आम्हांस जर्मनीच्या एका घड्याळाची हकीकत सांगितली. सॅक्सनी प्रांतांत ग्लासहुटे नांवाचें लहान गांव आहे. तेथें फर्डिनांड अडोल्फ लांगे यानें १८४५ सालीं कारखाना काढला. १९४८ सालीं तो सरकारजमा झाला, आणि १९९० सालीं त्याच घराण्याच्या वंशजानें तें नांव पुन्हां उभें केलें. "जगांत जर्मनी, भारतांत परभणी!" असें काका एवढ्या मोठ्यानें म्हणाले कीं समोरच्या बाकावरचे गृहस्थ जागे झाले.

हैदराबादेस पोहोंचल्यावर एकदम दुकानांत शिरावयाचें नाहीं, असा आजींचा दंडक होता. प्रथम आम्ही चारमिनार पाहिला. १५९१ सालच्या त्या वास्तूस चारी दिशांनीं घड्याळें बसविलीं तीं १८८९ सालीं, आणि तीं तेथें नसतीं तर बरें झालें असतें असें आमचें प्रामाणिक मत आहे. सालारजंग संग्रहालयांतील वाजणारें घड्याळ मात्र पाहण्यासारखें खरें. 'कुक अँड केल्व्ही' या पेढीकडून घेतलेलें हें इंग्लंडी घड्याळ. तास भरण्याच्या सुमारास त्यांतलें एक दार उघडतें, दाढीवाला एक बाहुला बाहेर येतो आणि तासांचे ठोके देऊन आंत जातो. बारा ठोके पाहावयास मिळावेत म्हणून आम्ही दुपारीं गेलों. समोर मांडलेल्या आसनांवर शेंकडों माणसें आधींच बसलेलीं होतीं. तेलुगु, उर्दू, कानडी, मराठी अशा चार भाषांतून लेंकरांस गप्प बसवणें चाललेलें होतें. ठोके सुरू होतांच सर्व भाषा थांबल्या. आजींनीं बोटांवर बारा मोजले, आणि मग म्हणाल्या, "आपल्याकडे आतां कुठें अकरा वाजून पस्तीस-सदतीस झाले असतील." सूर्याच्या हिशेबानें त्यांचें बरोबर होतें.

दुकान बंजारा हिल्स भागांत होतें. दार उघडणारा शिपाई, गार हवा आणि न मागतां आलेली कॉफी, यांनीं काका आणखीच सावध झाले. त्यांच्या मनांत रोख रक्कम न्यावयाची होती. परंतु २०१७ पासून एका व्यवहारांत दोन लाख वा त्याहून अधिक रोख घेण्यास दुकानदारास कायद्यानें मनाई आहे, हें पुतण्यानें परभणीसच समजावून ठेवलेलें असल्यामुळें पैसे बँकेंतूनच द्यावयाचे होते. दहा लाखांवरील घड्याळावर एप्रिल २०२५ पासून दुकानदार एक टक्का आयकरही आगाऊ वसूल करतो. पण त्या पायरीशीं आमचा संबंध नव्हता. आमची मर्यादा तीन लाखांची.

कांहीं फार नामांकित घड्याळें कपाटांत केवळ दाखविण्यापुरतीं होतीं. तीं हवीं तर नांव नोंदवून वाट पाहावयाची. पैसे देऊन वर उमेदवारी करावयाची, ही तऱ्हा काकूंस विलक्षण वाटली, आणि आम्हांसही वाटते. विक्रेता तरुण होता, अदबीचा होता. स्वित्झर्लंडादि देशांशीं झालेला व्यापारी करार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलांत आल्यामुळें स्विस घड्याळांवरील आयातकर टप्प्याटप्प्यानें कमी होत जावयाचा आहे, असें त्यानें विचारल्यावर मोकळेपणानें सांगितलें. मग थांबावें कीं काय? आजी म्हणाल्या, "मी किती टप्पे थांबूं?"

दोन तासांत पुष्कळ घड्याळें मनगटांवर चढलीं आणि उतरलीं. सोन्याचें नको, कारण सोन्याचा मोह पडतो. हिरे जडविलेलें नको, कारण तें पुरुषांस शोभत नाहीं. फार मोठें नको, कारण तें सुनांस शोभत नाहीं. शेवटीं पोलादी, पांढऱ्या तबकडीचें, निळ्या कांट्यांचें एक लाँजीन उरलें. ही पेढी १८३२ सालीं सेंट इमिए या गांवीं निघाली, आणि तिची खूण म्हणजे पंख असलेलें वाळूचें घटिकायंत्र. तें चिन्ह १८८९ पासून नोंदलेलें आहे. आजींनीं भिंगांतून तें पाहिलें आणि "ही तर आपली घटिकाच," एवढेंच म्हणाल्या. त्याचें चाक तासास २५,२०० ठोके देतें, हातांतून काढून ठेवलें तरी तें तीन दिवस चालतें, आणि त्याची हमी पांच वर्षांची.

तेव्हां काकांनीं घड्याळजींचा प्रश्न विचारला, "तेल कोण घालणार?"

विक्रेता प्रथम हंसला. पण काका हंसत नाहींत हें पाहून त्यानें आंतून एका प्रौढ कारागिरास बोलाविलें. तो गृहस्थ उर्दूमिश्रित हिंदींत बोलत होता आणि त्याचें बोलणें काकांस एकदम पटलें. पांच ते सात वर्षांनीं घड्याळ संपूर्ण उघडून साफ करावें. त्याआधीं उगीच उघडूं नये. चालत नसलें तरी तेल सुकतेंच. पाण्यापासून राखणारीं रबरी कडीं अधूनमधून तपासावीं. चुंबकाजवळ ठेवूं नये. कामासाठीं घड्याळ येथेंच आणून द्यावें लागेल, आणि एका वेळचा खर्च पुढें हजारांचा होईल. हें सारें काकांनीं वहींत टिपून घेतलें, त्यावर कारागिराची सही मागितली, आणि त्यानें ती दिलीही! पावती फाडली गेली ती त्यानंतर.

परततांना आम्ही बिदर, उदगीर, परळी या वाटेनें आलों. गंगाखेडला पुन्हां गोदावरी लागली. उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळें पाणी थोडें आणि वाळू फार. घड्याळ काकूंच्या हातांतल्या पिशवींत, पोळ्यांच्या डब्याखालीं होतें. त्याहून सुरक्षित जागा गाडींत नाहीं, असें त्यांचें म्हणणें.

वहीचीं पहिलीं दोन पानें आतां भरलीं आहेत. चारी घरांनीं वर्षास प्रत्येकीं दोन हजार रुपये परभणीच्या पोस्टांतल्या खात्यांत टाकावयाचे. त्यांतून तेलाचा खर्च व्हावयाचा. घड्याळ प्रत्येक घरीं तीन महिने राहावयाचें. पण कोणत्याही घरांत मुंज वा लग्न असेल तर पाळी मोडून तेथें जावयाचें. पहिली पाळी आजींची झाली. त्यांनीं तें मनगटावर बांधलें नाहीं. उशाशीं ठेवीत, आणि रोज सकाळीं किती सेकंद चुकलें तें नातीकडून वहींत लिहवून घेत. पुढची पाळी ठाण्याची. घड्याळ न्यावयास त्या त्या घरच्या माणसानें स्वतः परभणीस यावयाचें, निदान दोन दिवस राहावयाचें. कुरियरनें पाठवावयाचें नाहीं, असें आजींनीं त्याच पानावर, सर्वांच्या सह्यांच्या वर, आपल्या हातानें लिहिलें आहे.