चौथं समीकरण

मधला माणूस कुणालाही कापता येतो. प्रश्न कडेचा असतो. केसाच्या टोकाला, हलत्या बोटाला, ओल्या जाळ्याच्या धाग्याला जुनं आभाळ चिकटून येतं आणि नव्या आभाळावर ठेवलं की चुगली करतं. त्या चुगलीचा बंदोबस्त करायला मी न्यूक या कंपोझिटिंगच्या, म्हणजे चित्रावर चित्र बसवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक गिझ्मो, म्हणजे स्वतःचं छोटं हत्यार, लिहिला. त्याचं नाव 'कड'. गोरेगावात नोकरीला होतो तेव्हा लिहायला घेतला. नोकरी सोडून मालवणला आलो तरी लिहितोच आहे.

यंदा उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. साखरेमुळे माझ्याकडे तो जरा लवकरच वस्तीला आला. पट्टी निघाली आणि समुद्र नको इतका निळा दिसायला लागला. डावा डोळा झाकला की निळा, उजवा झाकला की सगळं कंदिलाच्या धुरकट काचेआडून बघितल्यासारखं. डॉक्टर म्हणाले, "जुनं भिंग पिवळं पडतं, निळा उजेड अडवतं. आता अडत नाही, एवढंच. होईल सवय." दुसरा कुणी मजा म्हणून चार लोकांना सांगत बसला असता. मी घरी येऊन 'कड' उघडला.

कारण होतं रापणीचा एक शॉट. देवबागच्या किनाऱ्यावर जाहिरातीसाठी घेतलेला. दोन्ही बाजूंनी रापणकर दोर ओढताहेत, जाळं पाण्याबाहेर आलंय, मागे भर दुपारचं निळंशार आभाळ. आणि दिग्दर्शकाला हवं होतं पावसाळी. माणसं निघाली. जाळं निघेना. नेहमीचा उपाय म्हणजे अनप्रीमल्ट करून (रंगाला अल्फाने, म्हणजे भरीवपणाच्या शून्य ते एक अशा आकड्याने, भागून) आतला शुद्ध रंग ब्लरच्या थरावर थर देत कडेपर्यंत ढकलत न्यायचा. पण आतला रंग असायला आत काहीतरी लागतं ना! जाळ्याचा धागा पिक्सेलपेक्षा बारीक. त्याचा अल्फा कुठेच एकपर्यंत पोचत नाही. त्याला पोटच नाही, नुसती कड. अल्फा ०.०२ असेल तिथे भागाकार केला की प्लेटमधली खरखर पन्नासपट होऊन अंगावर येते. ब्लर मोठा केला तर एका धाग्याचा रंग भोक ओलांडून शेजारच्या धाग्यात शिरतो.

अल्वी रे स्मिथ आणि जेम्स ब्लिन यांनी १९९६ साली एका निबंधात या दुखण्याचं निदान करून ठेवलंय. मागचा रंग तुम्हाला पक्का ठाऊक असला, तरी पुढच्या वस्तूचे लाल, हिरवा, निळा आणि चौथा अल्फा अशा चार गोष्टी शोधायच्या असतात. हातात समीकरणं तीनच. म्हणजे उत्तरं अगणित, आणि गणिताच्या लेखी सगळीच बरोबर. चौथं समीकरण बाहेरून आणावं लागतं. मागचा रंग कापणारा प्रत्येक कीअर, चिकटलेला रंग पुसणारा प्रत्येक डीस्पिल म्हणजे कुणीतरी कुठूनतरी आणलेलं चौथं समीकरणच.

माझ्या गिझ्मोत ते एका स्लायडरमध्ये होतं. 'जुनं आभाळ' असं त्याचं नाव, डीफॉल्ट ०.३५. हा आकडा पायथॉनने काढलेला नाही. धाग्यावरचा निळा दिसेनासा व्हावा आणि धागा मात्र राखेसारखा मरू नये, एवढं बघत मी तो डोळ्याने ठरवला. पिवळ्या भिंगाच्या डोळ्याने. आता उजवा डोळा म्हणतो ०.५ हवं, डावा म्हणतो पुरे झालं. व्ह्यूअरमध्ये पिक्सेलवर टोक ठेवलं की आकडे मिळतात, पण निळा किती आहे ते आकडा सांगतो. निळं दिसतंय का, ते शेजारचा पिक्सेल ठरवतो. बरं, नवा डोळा तेवढा खरा असंही म्हणवत नाही. थिएटरात बसलेले साठीपुढचे कितीतरी लोक माझ्या डाव्याच डोळ्याने सिनेमा बघत असतील.

माझ्याकडे शिकायला कुडाळची एक मुलगी येते. ती असे शॉट करताना मधूनच म्हणायची, "काका, कड निळी दिसता." मी म्हणायचो, "आधी तुझो मॉनिटर कॅलिब्रेट कर." ती कॅलिब्रेट करायची आणि मग गुपचूप स्लायडर पुढे सरकवायची. ऑपरेशनबद्दल मी तिला सांगितलं. भिंगाबद्दल नाही.

हल्ली असलं काही यंत्रालाच शिकवा म्हणतात. २०२१ मध्ये न्यूक १३ आलं, त्यात कॉपीकॅट नावाचा नोड आला. थोड्या फ्रेम हाताने करून द्यायच्या, उरलेल्या तो करतो. छान करतो. त्याच न्यूकने पायथॉन २ वरून ३ वर उडी मारून माझी निम्मी हत्यारं मोडली, ते मी विसरलेलो नाही. पण राग तो नाही. त्या हाताने केलेल्या फ्रेम कुणाच्या तरी डोळ्यानेच झालेल्या असतात. चौथं समीकरण तिथेही डोळाच. फक्त त्याला नॉब नाही, म्हणून भांडायला जागा नाही. आणि नॉबचंच म्हणाल तर दुसऱ्या टोकाला तीस-तीस नॉबवाले गिझ्मो लिहिणारे आहेत. त्यांनी काही ठरवलेलंच नसतं. ठरवण्याचं ओझं कंपोझिटरच्या गळ्यात टाकून ते मोकळे. हे जुन्याच्या प्रेमापोटी म्हणत नाही. ॲपलने २००९ मध्ये बंद केलेल्या शेक या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरच्या नावाने अजून उसासे टाकणाऱ्यांपेक्षा मला रंगमंचावर चमत्कार दाखवणारे ट्रिकसीनवाले दशावतारी जवळचे वाटतात. एका बाकड्यावर दरबार उभा करणाऱ्या जुन्या दशावताराचे अभिमानी त्यांना नावं ठेवतात. मी मात्र जत्रेत नागाची दोरी कुठे दिसते तेच शोधत बसतो. कडच ती.

मी डीफॉल्ट बदलायचं ठरवलं आणि अडकलो. डीफॉल्टला ठेवलेला नॉब न्यूक स्क्रिप्टमध्ये लिहीतच नाही. मी ०.३५ खोडलं तर मंजूर होऊन गेलेला जुना शॉट पुन्हा रेंडर करताच बदलणार. म्हणून 'कड' आहे तसा ठेवला आणि शेजारी 'कड २' आणला, डीफॉल्ट शून्य. नोड टाकला तर काहीच होत नाही. कामातले लोक वैतागले. एका लीडने तो बिघडलाय म्हणून कळवलं. मी लिहिलं, बघा आणि सरकवा.

हे तत्त्व म्हणून सांगायला बरं वाटतं. पण मी 'कड'च्या नोडला गडद जांभळा रंग दिलाय. कुणाच्याही स्क्रीनवर, नोडच्या कितीही जंजाळात, लांबूनसुद्धा कळावं की हा माझा. 'कड २'लाही तोच दिलाय, जरा जास्तच गडद. आणि शून्य ठेवल्यापासून मुंबईहून फोन यायला लागलेत, "काका, कितीवर ठेवू?" डाव्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे. तोवर आकडा घालत नाही असं मी सगळ्यांना सांगतो. त्यानंतरही घालीन असं वाटत नाही. फोन येतात ते मला आवडतं.