चांदणीचं डोकं

हुडकेश्वरच्या शेतांवर लेआउट पडले, हुडकेश्वर-नरसाळा नागपूर महापालिकेत गेलं, तरी एका घरामागचा तबेला टिकून राहिला. तिथली चांदणी ही कुमैत घोडी. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून ती आली, तेव्हा कपाळावरचा भोवरा पाहिला गेला, वय ताडण्यापुरते पुढचे दातही पाहिले गेले. आतल्या दाढा कुणीच पाहिल्या नाहीत.

लग्नसराईत ती वरातीला जाई. एरवी स्वयंपाकघराच्या खिडकीत तोंड घालून भाकरी मागे.

मग ती डोकं झटकायला लागली. लगाम दिसला की मान वर!

"काकाजी, हिचं डोकं दुखून राह्यलं," घोडीच्या मालकाची पुतणी म्हणाली. ती डोक्यावर हलके हात ठेवून करायची क्रेनिओसेक्रल थेरपी शिकत होती. संध्याकाळी खरारा झाला की ती एक तळवा कानांमागे ठेवी, दुसरा कपाळावर. थोड्याच वेळात चांदणीचा खालचा ओठ लोंबे, पापण्या जड होत, आणि मान खाली सोडून ती लांबलचक जांभई देई. हा आराम अगदी खरा होता.

त्यामागची उपपत्ती मात्र तपासून घ्यावी लागते. कवटीची हाडं मोठेपणीही सूक्ष्म हलतात, असं अमेरिकन ऑस्टिओपॅथ विल्यम सदरलँड यांनी मांडलं. त्याच पायावर जॉन अपलेजर यांनी 1970च्या दशकात ही थेरपी उभी केली. पण 2006 साली प्रसिद्ध झालेल्या सशांवरच्या प्रयोगात 5 ते 20 ग्रॅम दाबाने कवटीचे सांधे हलले नाहीत. घोड्याची कवटी तर सशाच्या कितीतरी पट दणकट.

कवटी बदलते ती वाढीच्या वयात. शिंगरू जन्मतं तेव्हा कपाळ फुगीर असतं, तोंड आखूड. मेंदूभोवतीची पेटी लवकर पुरी होते, चेहरा मात्र दाढांना जागा करून देत लांबत जातो. पाचव्या वर्षापर्यंत कायमचे दात येतात. पुढेही दाढा दरवर्षी 2-3 मिलिमीटर झिजतात आणि साधारण तेवढ्याच वर सरकतात. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद, त्यामुळे झीज सारखी होत नाही. वर गालाकडे आणि खाली जिभेकडे सुरीसारख्या कडा तयार होतात आणि गालाला, जिभेला टोचतात.

अर्धवट चघळलेल्या कडब्याचे गोळे चांदणीच्या दावणीत पडलेले पुतणीनेच पाहिले. पशुवैद्यांनी दाढा कानशीने घासल्या. तोंडातला काटेरी लगामही काढायला लावला. 1965च्या केंद्रीय नियमांनी तो वापरायला बंदीच आहे. डोकं झटकणं थांबलं. संध्याकाळचे हात मात्र चांदणी म्हातारी होऊन जाईपर्यंत सुटले नाहीत.

मागे तिची शिंगी राहिली. तिसरं वर्ष सरताना शिंगीच्या जबड्याखाली टेंगळं आली. "डाग द्या," जाणते म्हणाले. पुतणीने कुणाला जवळ येऊ दिलं नाही. आत नव्या दाढांची मुळं वाढत होती आणि हाड त्यांच्यासाठी फुगलं होतं. दाढा वर आल्या तशी टेंगळं बसली, आणि मगच तिच्या तोंडात लगाम चढला, तोही गुळगुळीत कडीचा.