दातेगडावरची वेळ

कराड-चिपळूण रस्ता कोयनेच्या कडेकडेने पाटणला येतो. केरा नदी कोयनेला मिळते तिथलं हे गाव. टोळेवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे दातेगडाची चढण. सुंदरगड हेही याचंच नाव. पडक्या दरवाजाजवळ कातळात गणपती आणि मारुती कोरलेत. एकावर उगवतीचं ऊन येतं, दुसऱ्यावर मावळतीचं, असं गावकरी सांगतात. म्हणजे गडाला दोनच ठोक्यांचं घड्याळ आहे. चावी नको, तेल नको.

घड्याळावरून आठवलं: शिवाजी महाराज जन्मले त्या १६३० च्या सुमारास फ्रान्समधल्या शातोदँ गावचा सोनार जाँ तुतँ सोन्याच्या घड्याळांवर मिन्याची चित्रं काढू लागला होता. काम मोठं किचकट. पत्र्याला आतून-बाहेरून मिना द्यायचा; एकाच अंगाला दिला तर भट्टीत पत्रा वाकतो. पांढऱ्या थरावर धातूंच्या भस्मांचे रंग तेलात खलून बारीक कुंचल्याने भरायचे आणि पुन्हा पुन्हा भाजायचे. जास्त आच लागणारे रंग आधी, नाजूक मागून. शेवटच्या आचेला तडा गेला की सगळी मेहनत मातीत. पुढे जिनिव्हाच्या हुओ घराण्याने या कलेत नाव काढलं. झाकणाच्या आतल्या बाजूलाही चित्र असायचं, फक्त मालकाने उघडून बघावं म्हणून. ही चैन मला मनापासून आवडते.

पण वेळेचं काय? काटा बहुधा एकच, तासाचा. डच शास्त्रज्ञ हॉयगेन्सने १६७५ मध्ये घड्याळातल्या डोलत्या चक्राला बारीक गुंडाळी स्प्रिंग लावण्याची युक्ती जाहीर केली. तोवर ही घड्याळं दिवसाकाठी अर्धा तास सहज मागेपुढे होत. कमरेला इस्टेटीच्या मोलाचा दागिना लटकवायचा आणि वेळ मात्र सूर्याकडून पडताळून घ्यायची!

आपल्याकडे त्या काळी घटिकापात्र होतं. तळाला बारीक भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटकांचा दिवस. लग्नाचा मुहूर्त तिच्यावरच साधत. जोशीबुवांना डुलकी लागली नाही, तर वाटीचा भरवसा त्या देखण्या घड्याळापेक्षा जास्त. मिरवायला मी तुतँचं घड्याळ घेईन, मुहूर्ताला वाटी.

गडावरची विहीर चुकवू नये. तलवारीच्या पात्यासारखी लांबट, अख्खी खडकात खोदलेली. पायऱ्यांनी खाली उतरलं की महादेव, आणि भर उन्हाळ्यातही अंगावर गारवा.

परतताना चाफळला वळलो. समर्थ रामदासांनी इथे राममंदिर उभारलं ते १६४८ मध्ये, तुतँ वारल्यावर चारच वर्षांनी. आजचं मंदिर मात्र १९७२ च्या जीर्णोद्धारातलं. त्याआधी, ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला होता. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, खोऱ्यात घरंच्या घरं बसली. त्याची वेळ भूकंपमापकांनी टिपली आहे: पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं.