वाळूत घोडा कसा चालतो?

दोस्तांनो, आमच्या नारपोलीत घोडा दिसतो तो लग्नाच्या वरातीत. पुढे बँड, बाजूला यंत्रमागांची खडखड आणि मध्ये बिचारा सजवलेला घोडा! म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी राजस्थानात घोड्यावरून फिरणार म्हटल्यावर वर्गातल्या एका चिमुरड्याने लगेच अडवलं, "बाई, वाळवंटात तर उंट असतो ना?"

प्रश्न बरोबर होता. उत्तर मिळालं जोधपूरजवळच्या ओसियाँ गावाबाहेर.

माझी घोडी मारवाडी जातीची. या घोड्यांचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकतील की काय असे. (आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथेही हे कान दिसतात बरं का!) सुरुवातीला वाट घट्ट होती. खेजडीची झाडं मागे पडत होती. मी म्हटलं, वा, जमलं की! मग वाळूची टेकडी लागली. तिकडे तिला धोरा म्हणतात. घोडीचे खूर भसाभस रुतू लागले. उंटाचे तळवे रुंद, गादीसारखे; ते वाळूवर पसरतात. घोड्याचा खूर मात्र टणक, तो आत घुसतो. घोडी धापा टाकत होती, मान घामाने भिजली होती आणि मी वर आरामात बसलेली!

"बाईसा, नीचे उतरो," सोबतचे काका म्हणाले.

खरं सांगते, मला राग आला. पैसे भरून चालायचं? पण वीस पावलांतच माझी अशी दमछाक झाली की राग कुठल्या कुठे पळाला.

पुढे एका ढाणीवर, म्हणजे वस्तीवर, थांबलो. मी बाटली तोंडाला लावली. काकांनी मात्र आधी टाक्यातून बादली काढली. पावसाचं पाणी साठवायचं हे जमिनीखालचं टाकं. आपल्या किल्ल्यांवरच्या टाक्यांचंच भावंड म्हणा. उंट कित्येक दिवस पाण्यावाचून काढतो. घोड्याला रोज २५-३० लिटर तरी लागतं, उन्हात त्याहून जास्त. म्हणून घोड्याची वाट सरळ जात नाही, पाणी असेल तिकडे वळते. घोडी पोटभर प्यायली. मग काकांनी स्वतः ओंजळ धरली. मी बाटली गुपचूप झोळीत टाकली.

परतताना तोच धोरा आला. कुणी सांगायच्या आत मी उतरले आणि लगाम धरून चालू लागले. घोडीने मागून झोळीला ढुशी मारली. आत गाजरं होती. तिला कसं कळलं, कोण जाणे!