रविवारी येशू, सोमवारी हिंदू-मांग : ढोंगी नेमके कोण?

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत 'क्रिप्टो ख्रिश्चन' हा शब्द गाजला. हिंदू, बौद्ध आणि शीख सोडून इतर धर्मीयांनी घेतलेली अनुसूचित जातीची प्रमाणपत्रे रद्द करू, असे मुख्यमंत्र्यांनी सभागृहात सांगितले. तेव्हापासून हिंगोली, कळमनुरी, वसमतकडे आपल्याच पोरांच्या तोंडी हा शब्द आम्ही ऐकतो. प्रार्थनेला जाणाऱ्या मातंग माणसाकडे बोट दाखवून जयभीमवाले कार्यकर्ते म्हणतात, रविवारी येशू आणि सोमवारी तहसीलमध्ये हिंदू-मांग, ढोंगी लेकाचे.

आम्ही या वस्त्यांत दाखल्यांची कामे करतो. एका मावशीने आम्हाला सरळ विचारले होते, "पास्टर म्हणतो तू आता मांग नाहीस. साहेब म्हणतो बाप्तिस्मा घेतला असशील तर तू मांग नाहीस. मग गावाला हे कुणी का सांगत नाही?" समाजशास्त्रात एम.ए. करताना जात आणि धर्मांतरावर आम्ही पुष्कळ वाचले, पण प्रश्न इतका नेमका तिथे सापडला नव्हता.

हे दुहेरी जगणे आले कुठून? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजून बाहेरच आहेत. म्हणजे मातंगाने उघडपणे 'मी ख्रिस्ती' म्हटले की शिष्यवृत्ती आणि राखीव जागा तर जातातच, शिवाय अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही जाते. शिवी देणारा मात्र जात बघूनच देतो. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा परिच्छेद काढण्याची शिफारस केली, ती धूळ खात पडली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सी. सेल्वराणी खटल्यात केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाची फसवणूक ठरवली. खरे बोलणाऱ्याला दंड आणि खोटे बोलणाऱ्याला सवलत, अशी व्यवस्था ज्या आदेशाने केली, त्याला कोणी ढोंगी म्हणत नाही.

आणि आपण कोणत्या तोंडाने हसतो? १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीने केंद्राच्या सवलतींसाठी ३४ वर्षे कागदावर काय लिहिले, हे घरातल्या जुन्या टी.सी. काढून बघा. त्यांना आपण ढोंगी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण मग तोच न्याय त्या मावशीला का नाही?

याचा अर्थ चर्चला सूट द्यावी असा नाही. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बाबासाहेबांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोनच व्यक्तींनी आपल्याला भारावल्याचे सांगितले, आणि त्याच भाषणात दक्षिणेतील चर्चमधल्या जातिभेदावर बोट ठेवले. अस्पृश्याला ख्रिस्ती केले की काम संपले असे मिशनरी मानतात, त्याच्या हक्कांकडे बघत नाहीत, अशीही त्यांची तक्रार होती. ती आजही लागू आहे. आमच्या भागातले पास्टर आजार बरे करण्यावर तासभर बोलतात (त्या तासात दवाखाना गाठला असता तर बरे), पण तिसऱ्या परिच्छेदावर एक शब्द नाही. सोयरीक जमवताना मात्र त्यांनाही पोटजात बरोबर आठवते. आमच्या मते ढोंग ते हे, कारण ते करायला त्यांना कोणत्याही कायद्याने भाग पाडलेले नाही.

तशी सोयरीक विहारातही जमते. बावीस प्रतिज्ञा पाठ असणारा बाप मुलीसाठी स्थळ पाहताना 'सोमवंशीच ना?' असे विचारतो, तेव्हा कोणत्या दाखल्याची त्याला भीती असते?

खरी अडचण कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्रातल्या १३ टक्क्यांत वाटेकरी वाढतील, ही धास्ती आहे. धास्ती खोटी नाही. पण मग वाटा वाढवून मागण्याची लढाई करा. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने याच प्रश्नावर माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्याच्यापुढे बौद्ध संघटनांनी काय म्हणावे, यावर आपल्या तालुक्यात एकही बैठक झालेली आम्हाला दिसली नाही. 'क्रिप्टो' म्हणत टाळ्या पिटायला मात्र चौकात गर्दी होते.