पटावरचं

कुटुंब सर्वेक्षणाचं जाड रजिस्टर. अंगणवाडीच्या अकरा रजिस्टरांतलं पहिलं. घर क्रमांक, कुटुंबप्रमुख, लिंग, जात, जन्मतारीख. तारीख ठाऊक नसली की ताई समासात पेन्सिलीनं लिहायच्या : पोळ्याच्या आदल्या दिवशी. 2021 साली मोबाईलवर पोषण ट्रॅकर आला. त्यात पोळा बसत नाही.

तुळईला टांगलेला ताणकाटा. झोळीत घातलं की पोर रडायचं, काटा थरथरायचा. खरं वजन ताईच जाणे.

‘नकुशा’ हे नाव, नको असताना झालेल्या मुलीचं. साताऱ्यात 2011 साली समारंभ करून अशा मुलींना नवी नावं दिली. गेलेल्या गोष्टींच्या या यादीतली ही एकच, जी गेली ते बरं झालं.

‘कोपीवर’, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, हा शेरा. बीडकडच्या पटावर दिवाळीनंतर ओळीच्या ओळी अशा. आईबाप कारखान्याच्या फडात, पोर त्यांच्याबरोबर उसाच्या पाचटात. शेरा गेला, पोरं अजून जातातच.

सतरंजी. म्हणजे आहे, पण तिच्यावरची सरमिसळ गेली. एका टोकाला सरपंचांचा नातू, त्याला चिकटून त्यांच्याच शेतावर खुरपायला जाणारीची लेक. दोघांच्या ताटलीत एकच खिचडी, आणि ताटली कुणाची यावरून रोज भांडण. आता सकाळी खासगी बालवाडीची पिवळी व्हॅन येते. गळ्यात टाय, पाठीवर दप्तर, वय साडेतीन. नातू व्हॅनमधून जातो. पटावर मात्र नातूही आहे, कारण सर्वेक्षणात घर सुटत नाही. पट पंचवीस, सतरंजीवर अकरा. ते अकरा कोण, हे जातीच्या रकान्यावर बोट फिरवलं तरी कळतं. व्हॅनचे पैसे परवडत नाहीत ती घरं.

अंगण. तेही यादीत घालावं लागतंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आता स्लॅबची खोली, दाराला कुलूप, भिंतीवर हत्ती.

मदतनीसबाईंची सकाळची फेरी. एक कडेवर, एक बोटाला, मागून नाक ओढत तिसरं. दारोदार हाक : “आवरलं का गं?” ही फेरी अजून आहे. पण वाटेतली चार दारं त्या आता हाक न मारताच ओलांडतात.